यादी, पाऊलखुणा आणि आकडा : तामिळनाडूचे मराठी वाचन

१

‘वाचन’ ही संकल्पना मराठी समीक्षेत आता पुरेशी प्रतिष्ठित झाली आहे. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत शोधायचा, संहितेच्या रचनेत शोधायचा की वाचकाच्या प्रतिसादात शोधायचा, यावर चर्चासत्रे झाली, प्रबंध सिद्ध झाले, परिभाषा घडली. मात्र एक समाज दुसऱ्या समाजाचा इतिहास कसा वाचतो, त्या वाचनाची साधने कोणती असतात आणि त्यातून काय गाळले जाते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने स्वतःच्या कक्षेबाहेरचा ठरवला. तो राज्यशास्त्राचा, फार तर समाजशास्त्राचा, अशी वाटणी करून ती मोकळी झाली. ही वाटणी सोयीची असली तरी बरोबर नाही. तिची किंमत ग्रंथालयात बसलेल्या अभ्यासकाला मोजावी लागत नाही. ती अन्यत्र मोजावी लागते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी चाकणमध्ये झालेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. पुणे–नाशिक महामार्गावर बसगाड्या जळाल्या, अनेक जण जखमी झाले. या घटनेचे राजकीय विश्लेषण भरपूर झाले आहे. येथे लक्ष वेधायचे आहे ते त्या काळात सभांतून, वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळातून पुन्हापुन्हा पुढे येणाऱ्या एका युक्तिवादाकडे : तामिळनाडूत ६९ टक्के आरक्षण चालते, मग महाराष्ट्रात का चालू नये? हा प्रश्न गैरवाजवी नाही. पण तो ज्या रीतीने विचारला गेला त्या रीतीत एका संपूर्ण राज्याचा सामाजिक आणि राजकीय इतिहास दोन अंकांत आटला आहे. कवितेतील एखादी ओळ संदर्भातून तोडून वापरली तर समीक्षक तत्काळ हरकत घेतो. एका राज्याचा शंभर वर्षांचा इतिहास असाच तोडून वापरला जातो, तेव्हा त्याच समीक्षकाने गप्प बसावे, याला काय म्हणावे?

२

६९ हा आकडा आपल्याकडे येण्यापूर्वी मराठी समाजाने तामिळ देशाचे दोन प्रकारे वाचन केले होते. त्यांपैकी पहिल्याला पाऊलखुणांचे वाचन म्हणता येईल. जिंजीचा किल्ला, राजाराम महाराजांचे तेथील वास्तव्य, १६७६ पासून १८५५ पर्यंतचे तंजावरचे भोसले, दुसरे सरफोजी आणि सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख, शहाजीराजांची तंजावरी नाटके यांचा अभ्यास आपल्या इतिहाससंशोधकांनी मन लावून केला. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ च्या सांगलीपूर्वी तंजावरात शोधता येतो, हे वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे. त्या परिश्रमांचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. पण हे वाचन तामिळ देशात मराठी माणसाला शोधते आणि मराठी सत्ता संपली की तेही संपते. १८५५ नंतरच्या तंजावरात त्याला स्वारस्य नसते.

त्याच तंजावर जिल्ह्यात, त्याच कावेरीच्या खोऱ्यात, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री किळवेणमणी या खेड्यात ४४ दलित शेतमजुरांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, एका झोपडीत कोंडून जाळण्यात आले. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांनी लाल बावट्याखाली एकत्र येऊन कापणीची मजुरी वाढवून मागितली होती. आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयात निर्दोष सुटले. २५ डिसेंबर ही तारीख महाराष्ट्रातील आंबेडकरी वाचकाला दोन कारणांनी पाठ असते. १९२७ साली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ते याच दिवशी, आणि १९५४ साली देहूरोडच्या विहारात डॉ. आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली तीही याच दिवशी. देहूरोड पिंपरी-चिंचवडला लागून आहे. लष्करी डेपोच्या निमित्ताने आलेल्या तामिळ आणि तेलुगू कुटुंबांच्या पिढ्या तेथे राहिल्या आहेत. असे असूनही त्या तारखेचा तिसरा अर्थ आपल्या स्मृतीत रुजला नाही. तंजावरची भिंत वाचणाऱ्याला तंजावरची झोपडी दिसली नाही, हा योगायोग नव्हे. वाचनाचा विषय ‘आपण’ हाच असेल तर दुसऱ्याचे घर जळताना दिसण्याचे कारणच उरत नाही.

दुसरे वाचन यादीचे. ‘मार्मिक’ साप्ताहिक १९६० साली सुरू झाले आणि काही वर्षांतच त्यात मुंबईतील कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली प्रसिद्ध होऊ लागल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली, तिच्या पूर्वतयारीत या याद्यांचा वाटा सर्वमान्य आहे. तामिळ, मलयाळी, कन्नड, तेलुगू असा भेद न ठेवता सर्वांना एकाच शिवीवजा संबोधनात कोंबणाऱ्या त्या वाचनावर टीका पुष्कळ झाली, पण ती बहुधा नैतिक स्वरूपाची होती. संकुचितपणा वाईट, असे म्हणून ती थांबली. यादी हा एक वाचनप्रकार आहे आणि तो वाचनप्रकार म्हणूनच सदोष आहे, असे कोणी म्हटले नाही.

दोष असा. यादी आडनावे वाचते. पण तामिळ देशात आडनावाचाच एक इतिहास आहे. पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी १९२५ साली काँग्रेस सोडली आणि स्वाभिमान चळवळ उभी केली. १९२९ च्या चेंगलपट्टु येथील पहिल्या प्रांतिक स्वाभिमान परिषदेत नावापुढील जातवाचक प्रत्यय टाकून देण्याचा ठराव झाला आणि त्यानंतरच्या पिढ्यांत असंख्य तामिळ माणसांनी तो प्रत्यक्षात आणला. मुंबईतील यादी मात्र अय्यर, अय्यंगार, पिल्लै, नायर हेच शोधत होती. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तामिळ ब्राह्मणांचा सुशिक्षित वर्ग मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांकडे वळला याचे एक मोठे कारण मद्रास प्रांतातील ब्राह्मणेतर राजकारणात होते. १९१६ च्या अखेरीस ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा निघाला, जस्टिस पक्ष उभा राहिला, १९२० च्या निवडणुकीनंतर तो सत्तेवर आला आणि १९२१ पासूनच्या जातवार प्रतिनिधित्वाच्या सरकारी आदेशांनी मद्रासच्या सरकारी नोकऱ्यांतील जुनी मक्तेदारी सैल केली.

म्हणजे माटुंग्याला उतरणारा हा कारकून एका सामाजिक क्रांतीचा दूरवरचा परिणाम होता. ज्या महाराष्ट्रात १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला, ज्या महाराष्ट्रात छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्या महाराष्ट्राला हा परिणाम ओळखता यायला हवा होता. मद्रासचा जस्टिस पक्ष ही करवीरच्या आदेशाची धाकटी भावंडे म्हणावी इतकी जवळची गोष्ट होती. परंतु यादीत कारणांचा रकाना नसतो. तिच्यामुळे फुले-शाहूंच्या वारशाचा अभिमान आणि दाक्षिणात्याचा द्वेष हे दोन्ही एकाच मराठी मनात, एकमेकांना न भेटता, शेजारी शेजारी नांदू शकले.

३

तिसरे वाचन आकड्याचे. ते पहिल्या दोहोंपेक्षा सौम्य आणि पुरोगामी दिसते. त्यात द्वेष नाही, उलट अनुकरणाची इच्छा आहे. म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक कठोरपणे झाली पाहिजे.

६९ हा आकडा कसा घडला? मद्रासचा जातवार आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात घटनाबाह्य ठरवला. त्यावर मद्रास प्रांतात चळवळ झाली आणि त्याच वर्षी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती होऊन अनुच्छेद १५ ला चौथे कलम जोडले गेले. शैक्षणिक आरक्षणाचा अखिल भारतीय आधार असा मद्रासच्या रस्त्यावर तयार झाला. पुढे द्रमुक सरकारने नेमलेल्या सत्तनाथन आयोगाने १९७० साली अहवाल देताना मागासवर्गांतील मोजक्या जातींकडेच लाभ एकवटत असल्याचे नोंदवले. १९७१ साली मागासवर्गीयांचा वाटा २५ वरून ३१ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचा १८ टक्के झाला. १९७९ साली एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने मागासवर्गीयांसाठी ९,००० रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा आणली. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा दारुण पराभव झाला. मर्यादा मागे घेतली गेली आणि मागासवर्गीयांचा वाटा एकदम ५० टक्के करण्यात आला. १९८७ साली वन्नियार समाजाने रस्ते अडवले, गोळीबारात माणसे मेली. १९८९ साली त्या ५० टक्क्यांचे ३० आणि २० असे विभाजन होऊन अतिमागास आणि विमुक्त जातींना वेगळा वाटा मिळाला. १९९० साली अनुसूचित जमातींना १ टक्का स्वतंत्र देण्यात आला, तेव्हा बेरीज ६९ झाली. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ५० टक्क्यांची मर्यादा पक्की केल्यावर तामिळनाडूने वेगळा कायदा केला आणि १९९४ च्या ७६ व्या घटनादुरुस्तीने तो नवव्या परिशिष्टात गेला. २००७ च्या कोएल्हो निकालानंतर तेथील संरक्षणही निरपवाद राहिलेले नाही.

हा तपशील विस्ताराने दिला याचे कारण असे, की ६९ हा निष्कर्ष नसून एका दीर्घ वादाची साठलेली बेरीज आहे. त्यात एक फसलेली आर्थिक अट आहे, एक निवडणुकीतला पराभव आहे, एक गोळीबार आहे आणि मागासवर्गातल्या बलवत्तर जातींविरुद्ध दुर्बल जातींची तक्रार आहे. ही तक्रार ६९ नंतरही संपली नाही. २००९ साली अरुंधतियार समाजाला अनुसूचित जातींच्या वाट्यात ३ टक्क्यांचा उपवाटा द्यावा लागला. २०२१ साली वन्नियारांना दिलेला १०.५ टक्क्यांचा अंतर्गत वाटा उच्च न्यायालयाने आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. ‘तामिळनाडूप्रमाणे’ असे म्हणणाऱ्याने यांतले नेमके काय महाराष्ट्रात आणावयाचे आहे, ते सांगितले पाहिजे.

शिवाय महाराष्ट्राचा इतिहास याच टप्प्यावर वेगळा झाला आहे. आपली ब्राह्मणेतर चळवळ १९३० च्या सुमारास केशवराव जेध्यांसारख्या नेत्यांबरोबर काँग्रेसमध्ये गेली. तामिळ चळवळ काँग्रेसबाहेर राहिली. १९४४ साली तिचे द्रविड कळघम झाले, १९४९ साली त्यातून द्रमुक निघाला आणि १९६७ साली त्याने सत्ता घेतली. परिणामी महाराष्ट्रातील सर्वांत मोठी शेतकरी जात सहकारी कारखाना, जिल्हा परिषद आणि विधानसभा यांच्या वाटेने सत्तेत आली, मागासवर्गाच्या यादीच्या वाटेने नव्हे. तामिळनाडूत कोंगू वेल्लाळ गौंडरांसारख्या जमीनदार जातीही त्या यादीत आहेत. राजकीय प्रभुत्व आणि सामाजिक मागासलेपण यांचे नाते दोन राज्यांत दोन प्रकारे बांधले गेले. मराठा आरक्षणाचा खरा प्रश्न या नात्याचा आहे. समर्थकांनी आकडा उचलला, विरोधकांनी मर्यादा उचलली, आणि दोघांनीही हे नाते वाचले नाही.

मर्यादेविषयी एक गोष्ट येथे नोंदवलीच पाहिजे. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा २०१८ चा मराठा आरक्षण कायदा ज्या ५० टक्क्यांच्या मर्यादेवर बोट ठेवून रद्द केला, ती मर्यादा प्रथम मांडली गेली १९६२ च्या एम. आर. बालाजी खटल्यात. तो खटला होता म्हैसूर राज्याने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत ६८ टक्के जागा राखीव ठेवल्याबद्दलचा. चाकणच्या तरुणापुढे जी भिंत उभी राहिली तिचा पाया दक्षिणेत घातला गेला होता आणि ती ओलांडण्याचे उदाहरणही दक्षिणेतूनच दिले जात होते. असे असताना दक्षिणेचा इतिहास हा ‘त्यांचा’ इतिहास आहे, असे आपण किती काळ म्हणणार?

४

आकड्याचे वाचन आणखी एक गोष्ट झाकते, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याच्या दृष्टीने ती सर्वांत गंभीर आहे. ६९ टक्के असो वा ५२ टक्के, तो हिशेब सरकारी नोकऱ्यांचा आणि शिक्षणातील प्रवेशांचा आहे. खाजगी कारखान्याच्या फाटकाशी तो थांबतो.

या पट्ट्याची सुरुवात सरकारी उद्योगाने झाली. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ सालचा. त्याच्या वसाहतीत मराठी कामगाराच्या शेजारी मलयाळी आणि तामिळ कामगार राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराने सव्वासतरा लाखांची लोकसंख्या ओलांडली. नव्वदच्या दशकात हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आजारी उद्योगांत गणला गेला आणि त्याच दशकाच्या अखेरीस, १९९९ साली, बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला. पुढच्या दहा वर्षांत परदेशी मोटारकंपन्या तेथे आल्या. म्हणजे ज्या काळात मंडल आयोगामुळे राखीव जागांची व्याप्ती वाढत होती, नेमक्या त्याच काळात राखीव जागा जेथे लागू होतात ते क्षेत्र आटत होते. खेड तालुक्यातील ज्या शेतकऱ्याची जमीन महामंडळाकडे गेली, त्याचा मुलगा शेजारच्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून उभा राहतो आणि कायमच्या नोकरीसाठी सरकारी भरतीकडे पाहतो. आरक्षणाची मागणी एवढी तीव्र का झाली, याचे एक उत्तर या जमिनीत आहे.

आता तामिळनाडू पाहा. चेन्नईजवळचा श्रीपेरुम्बुदूर-ओरगडम पट्टा हा चाकणचा जुळा भाऊ आहे. तेथेही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटारीचे मोठे कारखाने आले, तेथेही शेतजमिनी गेल्या, तेथेही कायम कामगारापेक्षा कंत्राटी आणि शिकाऊ कामगारांवर भिस्त वाढली. ६९ टक्के तेथील जोडणीपट्ट्यावर लागू होत नाहीत. श्रीपेरुम्बुदूरची ह्युंदाई २०२३ साली तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेण्याचा करार करते, तेव्हा दोन्ही पट्टे एकाच मालकाच्या ताळेबंदात शेजारी येतात. भांडवलाने महाराष्ट्र आणि तामिळनाडू यांचे तौलनिक वाचन केव्हाच पूर्ण केले आहे. ते आपल्या विद्यापीठांतील तौलनिक साहित्याभ्यासाने अद्याप सुरूही केलेले नाही, कारण तेथे तौलनिक म्हणजे बहुधा मराठी आणि इंग्रजी.

५

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. हे सर्व मान्य केले तरी त्याचा साहित्यसमीक्षेशी संबंध काय? कायदे, आयोग आणि कारखाने यांची चर्चा अन्य नियतकालिकांत व्हावी. या आक्षेपाला तात्त्विक उत्तर देण्यापेक्षा तीन तामिळ कृती समोर ठेवणे बरे.

बामा यांचे ‘करुक्कु’ हे आत्मकथन १९९२ सालचे. दलित स्त्रीचे आत्मकथन म्हणून मराठी अभ्यासक त्याचा उल्लेख आदराने करतात आणि आपल्याकडील दलित आत्मकथनांच्या रांगेत त्याला बसवतात. पण बामा ख्रिस्ती आहेत, आणि १९५० च्या राष्ट्रपती-आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. तामिळनाडूत त्याची गणना मागासवर्गात होते. म्हणजे या पुस्तकाची निवेदिका जातीने जे भोगते ते कायदा मान्य करीत नाही, आणि जी चर्च समतेचे वचन देते तीही मान्य करीत नाही. ताडाच्या पात्याची दोन्ही कडांनी कापणारी धार हा शीर्षकाचा अर्थ या दुहेरी नाकारण्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्रातील नवबौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली होती. धर्मांतर आणि सरकारी दाखला यांच्यातील हा ताण मराठी वाचकाला अगदी घरचा आहे. म्हणजे ‘करुक्कु’ समजून घेण्याची सामग्री आपल्याजवळ होती. आपण ती वापरली नाही, ‘दलित आत्मकथन’ या खणात पुस्तक ठेवून दिले.

दुसरी कृती इंदिरा पार्थसारथी यांची ‘कुरुदिप्पुनल’. किळवेणमणीच्या हत्याकांडावरील या कादंबरीला १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तामिळ समीक्षेत तिच्यावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला : जमीनदाराच्या क्रौर्याचे मूळ लेखकाने त्याच्या लैंगिक न्यूनगंडात दाखवल्यामुळे मजुरी आणि जात यांचे प्रश्न मागे पडले. एका सामाजिक हत्याकांडाला मनोविश्लेषणाची चौकट घातल्याने काय हरवते, हा निखळ साहित्यसमीक्षेचा प्रश्न आहे. आणि किळवेणमणी घडले तेव्हा मद्रासमध्ये सरकार कोणाचे होते हे ठाऊक नसलेल्या समीक्षकाला तो नीट मांडताच येणार नाही. सरकार अण्णादुराईंचे होते, म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीचेच. ज्या चळवळीने आडनावे टाकली तिच्या राजवटीत झोपडी जळाली. तामिळनाडूला आदर्श मानणाऱ्या मराठी वाचनाला ही गोष्ट पचवावी लागेल.

तिसरी कृती पेरुमाळ मुरुगन यांची ‘मादोरुबागन’ (२०१०). २०१४-१५ च्या हिवाळ्यात तिरुचेंगोड येथे स्थानिक जातसंघटना आणि हिंदुत्ववादी संघटना यांनी तिच्याविरुद्ध आंदोलन केले, प्रती जाळल्या आणि लेखकाला लेखनसंन्यास जाहीर करावा लागला. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निकाल दिला. मराठीत या प्रकरणाची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण जी जात कादंबरीत आहे, जी दुखावली गेली आणि लेखक स्वतः जिच्यातला आहे, ती कोंगू भागातील जमीनदार गौंडर जात त्या ६९ टक्क्यांच्या मागासवर्गात मोडते, हे कोणी लक्षात घेतले? मागास म्हणून नोंदलेला समाज आपल्या प्रदेशात प्रभुत्वशाली असू शकतो, आणि त्या प्रभुत्वाची मानमर्यादा स्त्रीच्या अपत्यहीन देहावर तोललेली असू शकते, हे ज्ञान आपल्याला कोणत्याही आयोगाच्या अहवालापेक्षा या कादंबरीत अधिक मिळते. मराठा आरक्षणावर तावातावाने लिहिणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना तिचा उपयोग झाला असता. ती त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे काम कोणाचे होते? ते समीक्षेचेच काम होते.

६

देशीवादी मांडणीकडून या बाबतीत अपेक्षा होती. वाङ्मय आपल्या भूमीत रुजलेले असावे आणि पाश्चात्त्य निकषांची गुलामगिरी सोडावी, हे तिचे म्हणणे मोलाचे होते. पण तिच्या अनेक अनुयायांनी ‘भूमी’ या शब्दाचा अर्थ गाव असा घेतला, आणि तोही शेतीचा. पाऊलखुणांच्या वाचनाप्रमाणेच त्यांचा दक्षिणेशी संबंध मध्ययुगाजवळ थांबतो : कानडा विठ्ठल आणि महानुभाव-लिंगायत साम्ये येथपर्यंत तो सुखाने जातो, जस्टिस पक्षापर्यंत येत नाही. चाकण ही ज्याची भूमी आहे, ज्याचा शेजारी तिरुनेलवेलीचा आहे आणि ज्याचा पगार चेन्नईच्या आणि सोलच्या हिशेबांवर ठरतो, त्याचे देशीपण कशात शोधायचे? अशा माणसाला परात्म ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या पाहता, मग महाराष्ट्राचा फार मोठा भाग परात्म ठरवावा लागेल.

उलट बाजूने असेही म्हटले जाईल, की तामिळ भाषा आपल्याला येत नाही, मग वाचायचे कसे? अडचण खरी आहे, पण ती सबब म्हणून खपणार नाही. रशियन आणि फ्रेंच न येताही आपण दोस्तोव्हस्की आणि सार्त्र वाचले, त्यांच्यावर मराठीत वाद घातले. अनुवादातून वाचण्याची लाज आपल्याला फक्त शेजाऱ्याच्या बाबतीत वाटते. तेवढ्यावरही समाधान होत नसेल तर देहूरोडला आणि पिंपरीला तामिळ वाचू शकणारी माणसे आहेत. स्थानिकाची सरकारी व्याख्या १५ वर्षांच्या वास्तव्याची आहे. त्या व्याख्येने ती केव्हाच स्थानिक झाली आहेत. पुण्याच्या विद्यापीठातून निघालेला एकही अभ्यासक्रम त्यांच्या दारापर्यंत जाऊ शकत नसेल तर दोष भाषेचा नाही.

तेव्हा प्रस्तुत लेखाची मागणी माफक आहे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तामिळ कृती लावली जावी आणि ती लावताना तिच्याबरोबर त्या राज्याचा सामाजिक इतिहासही वाचला जावा, जोडीला महाराष्ट्राचा त्याच दशकातला इतिहास ठेवून. १९२१ चा मद्रासचा आदेश १९०२ च्या करवीरच्या आदेशाशेजारी वाचावा. तामिळनाडूचे ३० आणि २० हे विभाजन महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्तांच्या ११ टक्क्यांच्या चार पोटविभागांशेजारी वाचावे, म्हणजे अंतर्गत वर्गीकरणाचा विचार आपल्याही घरात जुना आहे हे कळेल. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मान्यता दिल्यापासून तर हे वाचन टाळण्याची सोयही उरलेली नाही. येत्या काही वर्षांत मातंग आणि अन्य समाजांच्या मागण्यांवर महाराष्ट्रात जो वाद होईल, त्यात कोणीतरी उठून ‘तामिळनाडूत ३ टक्के दिले’ असे म्हणेलच. त्या वेळी त्या ३ टक्क्यांमागे कोणाचे किती वर्षांचे लढे आहेत हे सांगणारा मराठी वाचक सभागृहात असणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आकडे मराठीत आयते येत राहतील. त्यांना भाषांतराची गरज लागत नाही. इतिहासाला लागते, आणि ते भाषांतर करण्याची जबाबदारी ज्यांनी ‘वाचन’ या शब्दावर आपले अध्यासन उभारले त्यांनी नाकारली, तर ते काम पुन्हा एकदा यादी करणाऱ्यांच्या हाती जाईल. १९६६ साली ते गेले होते, आणि त्या वेळीही मराठी समीक्षा सौंदर्याच्या स्वायत्ततेवर वाद घालण्यात मग्न होती.